वजनाचं औषध घ्यायचं की नाही: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पूर्वी लोक "वजन वाढवायची गोळी" मागायचे. आता बाया इकडेतिकडे पाहून, दुकानात दुसरं कोणी नसलं की मोबाइल पुढं करतात आणि हळूच विचारतात, "ताई, हे वजनाचं इंजेक्शन भेटते काय जी तुमच्याइथं?" त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण घाईगर्दीत, दुसरं गिऱ्हाईक उभं असताना, मला नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथं सावकाश लिहिते आहे.

हे इंजेक्शन नेमकं करतं काय?

जेवण पोटात गेलं की आतड्यातून काही संप्रेरकं (हार्मोन) सुटतात आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतात. सेमाग्लुटाइड नावाचं इंजेक्शन त्यातल्या एका संप्रेरकासारखं वागतं, टिर्झेपटाइड नावाचं दोन संप्रेरकांसारखं. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामं होतं, अर्ध्या भाकरीवर हात थांबतो. दोन्ही इंजेक्शनं आठवड्यातून एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घेतात. चरबी वितळवणारं त्यात काही नाही. माणूस कमी खातो म्हणून वजन उतरतं.

भारतात टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये 'माउंजारो' नावानं आलं. जून २०२५ मध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' नावानं आलं. मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडची गोळी २०२२ पासूनच आहे.

आणि वजन घटवायची ती जुनी गोळी?

ती ऑर्लिस्टॅट. खाल्लेल्या तेला-तुपातला साधारण तिसरा हिस्सा ती आतड्यात शोषूच देत नाही, तो तसाच बाहेर पडतो. तर्री पोहा किंवा तेलाची धार घेऊन झुणका खाल्ला तर तेलकट जुलाब होतात, कपडे खराब होतात. वर्षभर घेऊन, नुसत्या पथ्यापेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त उतरतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तिच्यामुळं कमी पडू शकतात. माझ्याकडून नेलेल्यांपैकी बहुतेक जण दुसऱ्या महिन्याला परत आले नाहीत.

माझं वजन औषध घेण्याइतकं आहे का?

वजन किलोत घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं (उंची गुणिले उंची) भागा. हा झाला बीएमआय. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. औषधाची रेघ मात्र आणखी वर आहे. सर्वसाधारणपणे ३० किंवा त्याहून जास्त, अथवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, बीपी किंवा झोपेत श्वास अडकण्यासारखा एखादा आजार. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ७० किलो असेल तर बीएमआय ३० ला टेकतो. त्याच उंचीला ५८ किलो असेल तर तिला माझं सांगणं एवढंच, की इंजेक्शनाचा विचार सोडा.

पण आकड्याइतकाच टेपही महत्त्वाचा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली तर धोका सुरू झाला असं समजतात. आपल्याकडं हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं, असे कितीतरी भाऊ आहेत. वजनकाट्यावर ते ठीक दिसतात, साखर तपासली की २०० च्या पुढं. तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरताना आशाताई कंबर मोजते, ती याचसाठी. तो टेप टाळू नका. उपकेंद्रात बीपी आणि साखर फुकट तपासून मिळते.

मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढतं. असं कसं?

हे वाक्य मी रोज ऐकते आणि ते खोटं आहे असं कधीच धरत नाही. आधी तुम्ही कोणती औषधं घेता ते पाहते.

माझ्या आईचंच सांगते. तिचे गुडघे दुखायचे. कोणीतरी पांढऱ्या कागदातल्या पुड्या दिल्या, "जडीबुटी आहे" म्हणून. आठ दिवसांत आई पळायला लागली. सहा महिन्यांत तिचं वजन नऊ किलोनं वाढलं, तोंड पुरणपोळीसारखं गोल झालं, हातावरची कातडी जराशा धक्क्यानं काळीनिळी पडायला लागली. त्या पुड्यांत स्टेरॉइड होतं हे डॉक्टरांनी चेहरा पाहूनच ओळखलं. मी फार्मासिस्ट, आणि माझ्याच घरात मला ते सहा महिने दिसलं नाही. हे शल्य अजून आहे. तुमच्याकडं अशा पुड्या असतील तर त्या घेऊन डॉक्टरकडं जा. एकदम बंद करू नका, कारण स्टेरॉइड झटक्यात सोडलं तर माणूस चक्कर येऊन पडतो, जिवावरही बेतू शकतं. ते टप्प्याटप्प्यानं उतरवावं लागतं.

मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी, इन्सुलिन, फिटची आणि मानसिक आजाराची काही औषधं यांनीही वजन वाढतं. ती आपल्या मनानं सोडायची नसतात, पण डॉक्टर पर्याय बघू शकतात. थायरॉइडची तपासणी एकदा झालेली असावी.

आणि खाण्याचं म्हणाल तर ज्वारी गेली, रेशनचा तांदूळ आणि गहू आला. वखर गेला, ट्रॅक्टर आला. सायकल गेली, गाडी आली. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. "काहीच खात नाही" म्हणणाऱ्या काकूंनी चहा मोजलेला नसतो, कारण चहाला आपण खाण्यात धरतच नाही.

खरंच किती वजन कमी होतं?

सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. नुसतं पथ्य आणि औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांच्या आतच. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. म्हणजे ८० किलोच्या माणसाचे १२ ते १७ किलो, तेही सव्वा-दीड वर्षात. लग्नाच्या आधी दोन महिन्यांत होण्यासारखं हे काम नाही. सुरुवातीचे डोस तर शरीराला सवय लावण्यासाठीच असतात. सेमाग्लुटाइडचा पूर्ण डोस गाठायलाच चार महिने जातात.

आणि ही सरासरी आहे. काहींचं खूप उतरतं, काहींचं फारसं नाही. पूर्ण डोसवर तीन महिने होऊनही पाच टक्केसुद्धा उतरलं नाही तर पुढं चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

ज्यांना आधीच हृदयविकार आहे आणि वजनही जास्त आहे, त्यांच्यात सेमाग्लुटाइडनं हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये दिसून आलं. त्या चाचणीत १७ हजारांहून जास्त लोक होते. अशा माणसाला मी "हे श्रीमंतांचं चोचलं आहे" असं कधीच म्हणणार नाही.

एकदा वजन उतरलं की बंद करता येतं ना?

सगळा निर्णय या एका प्रश्नावर अडलेला आहे, आणि तो कोणी आधी विचारत नाही. चौथ्या महिन्यात, पैसे संपले की विचारतात.

सेमाग्लुटाइड बंद केल्यावर एका वर्षात, उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत चढल्याचं चाचणीत दिसलं. टिर्झेपटाइडचंही तसंच. लोकांची जिद्द कमी पडली म्हणून हे झालं असं मी मानत नाही. औषध थांबलं की भूक पूर्वीच्या ताकदीनं परत येते. बीपीची गोळी सोडल्यावर बीपी वाढलं तर आपण माणसाला आळशी म्हणत नाही, तसंच हे. तेव्हा विचार करायचा तो "तीन महिने परवडेल का" असा नको, "तीन वर्षं निभावेल का" असा करा. निभणार नसेल तर न सुरू करणं हाही शहाणपणाचाच निर्णय आहे. त्यात हार नाही.

महिन्याचा खर्च किती?

आली तेव्हा टिर्झेपटाइडची सर्वांत लहान डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि त्यापुढची ४,३७५ ला होती. महिन्याला चार कुप्या, म्हणजे १४,००० ते १७,५०० रुपये. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये. दर महिन्याला दोन क्विंटल कापूस, तोही हमीभाव मिळाला तर. कोरडवाहू पाच एकरवाल्याला हा हिशेब मी मुद्दाम कापसात करून सांगते, कारण रुपयात सांगितलं की "होऊन जाईन" म्हणतात, कापसात सांगितलं की गप्प होतात.

पुढं किमती उतरल्याही. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांना वाट मोकळी. म्हणून वरचे आकडे धरून बसू नका, त्या दिवशीचा भाव विचारा आणि त्याला ३६ महिन्यांनी गुणा. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांची आहे, तिच्यात हे बसेल असं धरून चालू नका. आणि कृपा करून यासाठी सावकाराचं किंवा बचत गटाचं कर्ज काढू नका. मध्येच थांबलं तर वजन परत येईल आणि हप्ता राहील.

आमच्या गावात लाइन जाते. इंजेक्शन टिकेल का?

न उघडलेलं इंजेक्शन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं असतं. बर्फाच्या कप्प्यात नाही, दारातही नाही. फ्रिजबाहेर ३० अंशांच्या आत ते काही दिवस चालतं. टिर्झेपटाइडच्या कुपीला २१ दिवसांची मुभा आहे, बाकीच्यांचं त्यांच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर पाहा. पण मे महिन्यात आपल्याकडं ४५ अंश असतात. टिनाच्या घरात दुपारी ३० अंश कुठून आणणार?

दोन वर्षांपूर्वी एका भाऊंना मधुमेहाचं अशाच प्रकारचं इंजेक्शन मी बर्फाच्या पिशवीत घालून दिलं. एसटीचा दीड तासाचा प्रवास. पेन बर्फाला थेट टेकलं होतं. घरी पोचल्यावर त्यांनी फोन केला, "ताई, आतलं पाणी गोठल्यावानी दिसते." गोठलेलं औषध वितळलं तरी निकामी होतं. चूक माझी होती, ते पैसे मी भरले. तेव्हापासून मी आधी वर्तमानपत्राच्या चार घड्या, मग औषध, मग पुन्हा कागद आणि बाजूला बर्फ, असं थर्माकोलच्या डब्यात बांधून देते. सकाळच्या गाडीनंच न्यायला सांगते.

माझा सल्ला असा, की एका वेळी एकच पेन किंवा एकच कुपी न्या, बाकीचं दुकानाच्या फ्रिजमध्ये राहू द्या. वापरात असलेलं पेन उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, वरून ओलं फडकं टाकून ठेवता येतं. इन्सुलिनवाले कितीतरी जण तसंच करतात. गाडीच्या डिक्कीत मात्र कधीच नाही. रंग बदलला, गढूळ दिसलं, कण दिसले तर टोचू नका.

त्रास काय होतो?

मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ. बहुतेकांना सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर होतो, मग कमी होतो. थोडं थोडं, सावकाश आणि कमी तेलाचं खाल्लं तर निभतं. लग्नाच्या पंगतीत पाटोडी-रस्सा आणि वर वडाभात दाबून खाल्ला तर ती रात्र फार वाईट जाते.

आपल्या भागात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती पाणी कमी पडण्याची. एप्रिल-मेमध्ये शेतात काम करणाऱ्या माणसाला दिवसभरात चार उलट्या झाल्या आणि तहानही मंदावलेली असली, तर मूत्रपिंडावर ताण येतो. शक्य असेल तर औषध पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात सुरू करा असं मी सांगते, आणि घरात ओआरएसची पाकिटं ठेवा. घरात सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर डॉक्टरांना ते सर्वांत आधी सांगा. शरीर कोरडं पडणं हे सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका यायला पुरेसं कारण असतं. कार्ड असेल तर ते सोबत न्या.

वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. स्वादुपिंडाला सूज येणं क्वचित होतं, पण गंभीर असतं. पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ आली तर "गॅस झाला" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा आणि इंजेक्शनाचं नाव सांगा. एखादं ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

कोणी घेऊच नये?

गरोदर बाई, बाळ पाजणारी आई आणि लवकरच मूल हवं असणारी. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल त्यांनीही नाही. आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल त्यांनी डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय नाही. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर आधी डोळे तपासा, कारण साखर एकदम खाली आली की तो काही काळ वाढू शकतो.

पाळणा लांबवायची गोळी घेणाऱ्या बायांसाठी एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी सांगितली जाते. टिर्झेपटाइडमुळं त्या गोळीचा भरवसा कमी होतो. सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध किंवा दुसरं साधन वापरा. शिवाय वजन उतरलं की पीसीओडीमुळं (अंडाशयाच्या विकारामुळं) बंद झालेली पाळी आणि अंडं सुटणं परत सुरू होऊ शकतं, तेव्हा "मला काही राहणार नाही" या भरवशावर राहू नका.

पोरीचं लग्न जमत नाही, तिला देऊ का?

बीएमआय ३३ असेल, साखर वाढलेली असेल, तर तिच्या तब्येतीसाठी डॉक्टर ठरवतील. पण बावीस वर्षांच्या, ६० किलोच्या पोरीला बघायला आलेल्यांनी "जाड आहे" म्हटलं म्हणून तिचे आईवडील माझ्याकडं येतात, तेव्हा मी देत नाही. काही घरी वाद होतो, चालतो. त्या पोरीला दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहून हे सगळं ऐकावं लागतं. तिच्याकडं पाहिलं की मला राहवत नाही.

साखरेची औषधं चालू आहेत, सोबत चालेल?

अनेकदा चालतं, फायद्याचंही असतं. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. नवरात्राचे नऊ दिवस किंवा श्रावणी सोमवार धरत असाल तर तेही सांगा. हातपाय थरथरले, घाम सुटला तर उपास मोडून साखर खा. देवाला ते कळतं.

इंजेक्शन घेतलं की पथ्य-व्यायाम नको ना?

उलट जास्त लागतो. उतरणाऱ्या वजनात चरबीसोबत स्नायूही जातात. साठीच्या पुढच्या माणसाचे स्नायू गेले तर वजन कमी झालं तरी ओट्यावरून उठताना आधार लागतो. भूक कमी असताना जे चार घास जातील त्यात प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, सोयाबीनच्या ५० ग्रॅम वड्यांत पंचवीसेक. आपण सोयाबीन पिकवतो, पोत्यानं विकतो आणि घरात शिजवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. घट्ट वरण, हरभऱ्याची उसळ, ताक हे सगळं चालतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते आधी विचारा. आणि रोज दहा वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, एवढं तरी करा.

नेटवरून किंवा पावडरवाल्याकडून स्वस्तात मिळतं, घेऊ का?

नका. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्येच इशारा दिला होता. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या पुड्यांत सिब्युट्रामिन सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत. ते औषध हृदयाला धोका म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय जो देतो त्याच्याकडून बिलही मिळत नाही. बिल, बॅच नंबर आणि थंड डबा, तिन्ही मागून घ्या.

डॉक्टर कोणता गाठू, आणि जाताना काय नेऊ?

यवतमाळ, अकोला, चंद्रपूरचं शासकीय मेडिकल कॉलेज, सेवाग्रामचं कस्तुरबा, नागपूरचं मेडिकल किंवा एम्स, यांपैकी जवळ असेल तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. सोबत न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं (पुड्या असतील तर त्याही), साखर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृताचे रिपोर्ट, सिकलसेलचं कार्ड, पाळीच्या तारखा आणि आठ दिवस काय खाल्लं-प्यालं ते वहीत लिहिलेलं, चहासकट. डॉक्टरांपुढं पाचच मिनिटं मिळतात, तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: "बंद कधी आणि कसं करायचं?" दुसरा: "मला हे नाही जमलं तर दुसरं काय?" कारण दुसरं असतं. कधी वजन वाढवणारी चालू गोळी बदलणं, कधी आहार आणि चालणं, बीएमआय फार जास्त असेल तर ऑपरेशन.

घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. नवऱ्याला नाही तर बहिणीला. रात्री उलट्या सुरू झाल्या तर दवाखान्यात काय सांगायचं ते त्या माणसाला माहीत हवं. आणि वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका, ढोरं तिथं तोंड घालतात. तेलाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमवा, झाकण घट्ट लावा आणि भरला की माझ्याकडं आणून द्या. दवाखान्याच्या कचऱ्याची गाडी येते तिच्यात मी देते.